म्युझियमच्या अंगणात काय, विटा की दोऱ्या?

न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ म्युझियमच्या अंगणात २०१४ला 'हाय-फाय' उभा केलेला, मक्याची धाटं आणि बुरशी साच्यात वाढवून केलेल्या साधारण १०,००० विटांचा मनोरा, आणि काम झाल्यावर विटा कंपोस्टला, किती सुंदर विचार आहे हा! २०१६ला मेक्सिकोच्या दोन आर्किटेक्टनी तिथेच भिंतींत आधीपासून असलेल्या भोकांतून रंगीत दोऱ्या ओवून अंगण विणलं.

मनोरा भारीच. पण आमच्या पणजीत करायचं तर मी दोऱ्याच घेईन, गणेश चवथीला माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट) बांधणारे हात इथे घरोघरी आहेत, काथ्या मिळतो, आणि बुरशीच्या विटांची आमच्या दमट हवेत मला खरंच धास्ती वाटते. फक्त दोऱ्यांची सावली पातळ, एप्रिलच्या दुपारी वर माडाच्या झावळ्या घालाव्याच लागतील.