ओटीजीच्या बटणावरचे २०० आणि आतले १७०

ओटीजीच्या (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे विजेच्या छोट्या घरगुती भट्टीच्या) दुरुस्तीसाठी आलेले गृहस्थ ‘व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे’ एवढेच बोलून निघून गेले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. ओटीजी १६०० वॅटचा, साधा आहे. जाळ्या, ट्रे, सळ्या यांची माहिती सगळीकडे मिळते, ती पुन्हा देत नाही. थंडीच्या दिवसांत घरी ताजा ब्रेड करता यावा, एवढ्यासाठीच तो घेतला.

माझी तक्रार तापमानाच्या बटणाबद्दल आहे. बटण २०० वर असताना आत ठेवलेल्या थर्मामीटरचा काटा १७० च्या पुढे सरकत नाही. वरण-बट्टीच्या बट्ट्यांना याने काही फरक पडला नाही. त्या उत्तम झाल्या आणि म्हणूनच पहिले काही महिने मी या यंत्राचे सर्वांपाशी कौतुक करीत होतो. ब्रेडचे तसे नाही. तो फुगतो, पण वरून फिकट राहतो आणि कापल्यावर मध्ये चिकट गोळा निघतो. ब्रेडच्या मध्यभागी ९३ अंशांच्या आसपास उष्णता पोचली की तो झाला असे समजावे. १७० अंशांवर तिथवर पोचेपर्यंत त्याच्या कडा टोस्टसारख्या वाळतात.

व्होल्टेजचे म्हणणे अगदीच निराधार नाही. आमचे घर धुळ्याबाहेर, मळ्यांना लागून आहे. रब्बीच्या गहू-हरभऱ्याला पाणी देणाऱ्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज २०० पर्यंत उतरते, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे १६०० वॅटचा ओटीजी तेव्हा जेमतेम १२०० वॅटचा उरतो. परंतु त्यामुळे तापायला उशीर होईल. किती अंशांवर वीज तोडायची हे थर्मोस्टॅट ठरवतो, व्होल्टेज नव्हे. मोटारी बंद असताना, व्होल्टेज पूर्ण असतानाही दिवा १७० लाच विझत होता. हे समजावून सांगितल्यावर ‘मग काका, अडीचशेवर ठेवा ना’ असा सल्ला मिळाला. या ओटीजीचे बटण २३० वर संपते.

पुन्हा पुन्हा फोन केल्यावर, वॉरंटी संपत आली असताना, थर्मोस्टॅट एकदाचा बदलला. नवा १० अंशांनी जास्त तापतो. हे मात्र चालण्यासारखे आहे, कारण चूक नेहमी तेवढीच असली की बटणावर नेलपॉलिशची खूण करून काम भागते.

एवढे होऊनही तो परत करावासा वाटला नाही, याचे कारण थंडीच आहे. पीठ नीट फुगायला साधारण २५ ते २७ अंश ऊब लागते आणि डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पारा कित्येकदा दहाच्या खाली जातो; ओट्यावर झाकून ठेवलेले पीठ दुपार झाली तरी जागचे हलत नाही. तेच पीठ बंद ओटीजीत ठेवून खालच्या ट्रेवर उकळत्या पाण्याचे पातेले ठेवले, तर दीड-दोन तासांत दुप्पट होते आणि वीज मुळीच लागत नाही. उबेसाठी ओटीजी चालू करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण बटणाची सुरुवातच १०० पासून आहे आणि यीस्ट ६० अंशांच्या आतबाहेर मरते.

प्रमाण असे: गव्हाचे पीठ आणि मैदा प्रत्येकी २५० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, कोमट पाणी सुमारे ३२५ मिलि. मैदा अजिबात नको असेल तर ब्रेड दडस होईल हे धरून चालावे, कारण कोंडा ग्लूटेनचे धागे तोडतो.

खर्चाचे म्हणाल तर तापवणे आणि भाजणे मिळून ५० मिनिटे तो सलग चालला, तरी १.३३ युनिट होतात. थर्मोस्टॅट मधून मधून वीज तोडतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. बेकरीतल्या ब्रेडपेक्षा हे मला परवडते.

पाचपैकी तीन तारे देतो. एक थर्मामीटर पदरच्या पैशांनी घ्यावा लागला म्हणून कापला आणि एक त्या अडीचशेच्या सल्ल्यासाठी.