रंगीत स्मार्ट दिवे: खोक्यावर एक, आत दुसरंच

रंग बदलणाऱ्या स्मार्ट दिव्यांत गिऱ्हाईक गंडवलं जातं तेव्हा हातात आलेला माल बहुतेक वेळा चालू असतो. दिवा लागतो, लाल-हिरवा-निळा होतो, मोबाइलवरून बंदही होतो. म्हणूनच फसगत लक्षात यायला वेळ जातो आणि तोवर माल परत करायची मुदत उलटून गेलेली असते. खोक्यावर काय छापलेलं असतं, आत काय निघतं आणि हा फरक पहिल्याच दिवशी कसा पकडायचा, ते इथे सविस्तर लिहितो आहोत. ज्यांचे पैसे आधीच अडकले आहेत, त्यांनी शेवटचा भाग आधी वाचला तरी चालेल.

सगळ्यात जास्त फसवणूक एलईडी स्ट्रिपमध्ये होते. जाहिरातीच्या व्हिडिओत छताच्या कडेने इंद्रधनुष्य धावत असतं. या टोकाला जांभळा, मधे हिरवा, त्या टोकाला केशरी. घरी आलेली स्ट्रिप मात्र एका वेळी अख्खी एकाच रंगाची होते. हा बिघाड नाही, स्ट्रिपची जातच वेगळी आहे. साध्या आरजीबी स्ट्रिपमध्ये सगळ्या एलईडींचा लाल एका मार्गावर, हिरवा दुसऱ्या आणि निळा तिसऱ्या मार्गावर जोडलेला असतो. त्यामुळे एका एलईडीला लाल आणि शेजारच्या एलईडीला निळा करणं तिच्यात शक्यच नसतं. धावत्या रंगांसाठी प्रत्येक एलईडीला किंवा तिघांच्या गटाला स्वतःची चिप लागते. डब्ल्यूएस २८१२बी आणि डब्ल्यूएस २८११ ही त्यातली नेहमीची नावं. कोणतंही ॲप टाकलं, कोणताही रिमोट घेतला तरी साध्या स्ट्रिपचं इंद्रधनुष्य होणार नाही.

ओळखायला फार अक्कल लागत नाही. स्ट्रिपवर जिथे कात्रीचं चिन्ह असतं तिथले तांब्याचे ठिपके बघा. चार ठिपके आणि शेजारी +१२, जी, आर, बी अशी अक्षरं असतील तर ती साधी स्ट्रिप. प्लस आणि ग्राउंड यांच्या जोडीला ‘डीआय’ किंवा ‘डीओ’ असा डेटाचा ठिपका आणि दिशा दाखवणारा बाण असेल, तर ती धावत्या रंगांची. विक्रेत्याच्या फोटोंमध्ये हे ठिपके दिसत नसतील तर आधी लेखी विचारा. उत्तर ‘१६ दशलक्ष रंग’ असं आलं, तर तो प्रश्न टाळतो आहे असं खुशाल समजा. तो आकडा २५६ गुणिले २५६ गुणिले २५६ या गुणाकारातून येतो, म्हणजे १,६७,७७,२१६. लाल, हिरवा, निळा यांना प्रत्येकी २५६ पायऱ्या दिल्या की कोणत्याही आरजीबी दिव्याचं गणित तितकंच भरतं. त्यातून दर्जा कळत नाही.

दुसरी चोरी अडॅप्टरमध्ये. ५०५० आकाराच्या (५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटरच्या एलईडींच्या), मीटरला ६० एलईडी असलेल्या १२ व्होल्टच्या आरजीबी स्ट्रिपला तिन्ही रंग पूर्ण लावल्यावर मीटरमागे १४.४ वॉट लागतात. पाच मीटरला ७२ वॉट, म्हणजे ६ अँपिअर. खोक्यातल्या अडॅप्टरवर अनेकदा १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे २४ वॉट. गरजेच्या एक तृतीयांश. मग दोनपैकी एक होतं. स्ट्रिप खरंच पूर्ण वीज ओढणारी असेल तर पांढरा लावल्याबरोबर अडॅप्टर तापतो, व्होल्टेज पडतं किंवा दिवे लुकलुकायला लागतात. नाहीतर कंपनीने स्ट्रिपचाच प्रकाश मुळात मारलेला असतो. हे पाहायचं तर भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ न्या. तीन एलईडींच्या प्रत्येक गटाजवळ काळे इवलेसे रेझिस्टर असतात. पूर्ण प्रकाशाच्या ५०५० आरजीबी स्ट्रिपवर साधारणपणे लालसाठी ३३१ आणि हिरव्या-निळ्यासाठी १५१ असे आकडे दिसतात, म्हणजे ३३० आणि १५० ओहम. तिथे १०२, म्हणजे १००० ओहम दिसला, तर करंट एवढा आवळला आहे की मोठा अडॅप्टर लावूनही उजेड वाढणार नाही.

एलईडी मोजायलाही विसरू नका. लांब स्ट्रिपच्या खोक्यावर मीटरचा आकडा ठळक असतो आणि मीटरला एलईडी किती, हे गुलदस्त्यात. मीटरला १८ असतील तर दोन एलईडींत साडेपाच सेंटिमीटर अंतर पडतं आणि भिंतीवर सलग प्रकाशाऐवजी ठिपक्यांची रांग दिसते. एक मीटर पट्टी पसरून मोजायला दोन मिनिटं लागतात.

१० मीटर म्हणून विकलेल्या पाकिटात पाच-पाच मीटरची दोन रिळं आणि अडॅप्टर एकच, हाही ठरलेला प्रकार. एकापुढे एक जोडली की पांढरा रंग सुरुवातीला बरा दिसतो आणि शेवटाला पिवळट-लालसर होतो. स्ट्रिपमधलं तांबं पातळ असतं, लांबीबरोबर व्होल्टेज गळत जातं. निळ्या आणि हिरव्या एलईडीला चालायला साधारण ३ व्होल्ट लागतात, लालला २ च्या आसपास. तिघं ओळीने जोडलेले म्हणजे निळ्याला ९ हून जास्त, लालला फक्त ६. शेवटच्या टोकाला ९ व्होल्टच उरले तर निळा जवळजवळ विझतो आणि लाल टिकून राहतो. विक्रेता सांगतो की ‘एलईडी सेट व्हायला वेळ लागतो’. सेट-बिट काही होत नाही. पांढरा पूर्ण लावून दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावा. फरक एखाद्या व्होल्टपेक्षा जास्त निघाला तर दुसऱ्या टोकालाही वेगळ्या तारेने वीज द्यावी लागेल, किंवा २४ व्होल्टची स्ट्रिप घ्यावी लागेल. तेवढ्याच प्रकाशाला २४ व्होल्टवर करंट निम्मा लागतो, त्यामुळे गळतीही कमी.

आता बल्ब. खोक्यावर ‘९ वॉट, ८०० लुमेन’ असतं आणि चित्र गडद निळ्या खोलीचं. तो ८०० चा आकडा पांढऱ्या प्रकाशाचा आहे. बहुतेक बल्बांत पांढऱ्यासाठी वेगळ्या एलईडी असतात आणि रंगासाठी मोजक्याच. रंग लावला की वीजमापकावर वॉट धाडकन खाली आलेले दिसतात. शिवाय डोळ्याचाही भाग आहे: ४६० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याच्या तुलनेत अवघा ६ टक्के प्रतिसाद देतो. त्यामुळे निळ्या रंगात खोली उजळवायची तर खूप जास्त ताकद लागते आणि एका बल्बात ती बसवलेली नसते. जाहिरातीतला फोटो कॅमेऱ्याने जास्त वेळ प्रकाश घेऊन काढलेला असतो. अशा बल्बाला फसवा म्हणता येणार नाही. फोटो मात्र फसवा आहे.

खरा फसवा बल्ब निराळा. त्यात पांढऱ्या एलईडी नसतातच. लाल, हिरवा, निळा एकत्र लावून पांढऱ्याचा आभास केलेला असतो. हा पांढरा जांभळट किंवा हिरवट झाक मारतो आणि त्याखाली त्वचा आजारी दिसते, कारण तीन अरुंद रंगांच्या मधले पिवळे-केशरी पट्टे त्यात जवळजवळ नसतात. पांढरा कागद आणि स्वतःचा तळहात बल्बाखाली धरून पाहा, लगेच समजतं. खोक्यावर आरजीबीडब्ल्यू (रंगांसोबत वेगळा पांढरा) किंवा आरजीबीसीसीटी (रंगांसोबत उबदार-थंड असा बदलता पांढरा) असं स्पष्ट लिहिलेलं असावं, २७०० ते ६५०० केल्विन (उबदार ते थंड पांढरा) अशी पल्ल्याची नोंद असावी आणि सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा, किमान ८०, जमल्यास ९०. यातलं काहीच नसेल तर तो बल्ब रोजच्या वापरासाठी घेऊ नका.

‘स्मार्ट’ या शब्दाखाली काय काय खपवलं जातं ते वेगळंच. २४ किंवा ४४ बटणांच्या इन्फ्रारेड रिमोटवर चालणारा दिवा स्मार्ट नाही. समोर धरल्याशिवाय तो ऐकत नाही आणि वेळापत्रक पाळत नाही. नुसत्या ब्लूटूथचा दिवा शेजारच्या खोलीतून चालेल, घराबाहेरून नाही. झिगबी या वेगळ्या रेडिओ पद्धतीवर चालणारा दिवा चांगला असतो, पण त्याला राउटरशी जोडणारा वेगळा डबा, म्हणजे हब लागतो, आणि ते वाक्य वर्णनात इतकं खाली दडवलेलं असतं की माल आल्यावरच कळतं. वाय-फायचे बहुतेक दिवे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर जोडले जातात; राउटर केवळ डब्ल्यूपीए ३ या नव्या सुरक्षा-पद्धतीवर ठेवलेला असेल तर बरेच जोडलेच जात नाहीत. इथे दोष राउटरच्या सेटिंगचा, तेव्हा माल परत करण्याआधी ते तपासा. ‘मॅटरवर चालतो’ (मॅटर म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं एकमेकांशी जुळावीत यासाठीचं सामायिक मानक) असं सांगितलं असेल तर दिव्यावर किंवा खोक्यात क्यूआर कोड आणि ११ अंकी जोडणी-क्रमांक असलाच पाहिजे. मॅटरची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली आणि प्रमाणित उत्पादनांची यादी ते मानक सांभाळणाऱ्या संघटनेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. त्या यादीत मॉडेल नाही, तर दावा खोटा.

याहून गंभीर गोष्ट सर्व्हरची. दिवा तुमच्या घरात, पण त्याला ‘लाग’ म्हणणारा संगणक कंपनीचा. कंपनीने तो बंद केला की उरतो साधा पांढरा बल्ब. हे मोठ्या नावांच्याही बाबतीत घडलं आहे: ऑसरामने आपल्या लाइटिफाय या स्मार्ट दिव्यांची क्लाउड सेवा ऑगस्ट २०२१ मध्ये थांबवली, आणि एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट-घर कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचना न देता बंद पडले. मग ज्या नावाला ना संकेतस्थळ ना पत्ता, त्याच्या ॲपचा भरवसा काय धरायचा? यासाठी एक चाचणी नक्की करा. दिवा जोडून झाला की राउटरमध्ये बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढा. वाय-फाय चालू राहू द्या. आता मोबाइलचा डेटा बंद करून ॲपमधून दिवा लावा. लागला तर तो घरातल्या घरात चालतो. नाही लागला तर त्याचं आयुष्य त्या कंपनीच्या मर्जीवर आहे.

वीजबचतीचा दावा ऐकून तर राग येतो. पिवळ्या तारेच्या जुन्या बल्बाच्या जागी कोणताही एलईडी लावला तर बचत होते, त्यासाठी तो स्मार्ट असायची गरज नाही. उलट स्मार्ट बल्ब बंद असतानाही वाय-फाय ऐकत बसतो. अर्धा वॉट धरला तरी वर्षाला ४.३८ युनिट, १० बल्बांचे ४४ च्या आसपास. आणि भिंतीवरचं बटण घरात कुणी दाबलं की ॲप आंधळं. ‘झोप सुधारणारा’, ‘ताण घालवणारा’ असल्या रंगोपचाराच्या बाताही अशाच. रात्री उजेड मंद आणि उबदार ठेवणं योग्यच आहे, कारण शरीराचं घड्याळ ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला जास्त संवेदनशील असतं. पण ते काम साधा मंद पिवळा दिवाही करतो. त्यासाठी उपचार म्हणून जादा पैसे मोजू नका.

परीक्षणं वाचताना तारे बघण्यापेक्षा जुनी परीक्षणं काढून वाचा. दिव्याच्या पानावर दोन वर्षांपूर्वीचे लोक चार्जिंग केबलची किंवा उशीच्या अभ्र्याची स्तुती करत असतील तर जुन्या मालाचं पान नव्या मालाला चिकटवलं आहे. तिथून सरळ बाहेर पडा.

मग घ्यावेत की नाही? घरभर रंगीत दिवे लावण्यात अर्थ नाही, असं आमचं ठाम मत आहे. वाचायला, स्वयंपाकाला, आजारी माणसाची शुश्रूषा करायला कुणी जांभळा उजेड लावत नाही. नवलाई ओसरली की लोक पांढऱ्यातच राहतात, आणि तिथे उपयोग होतो तो उबदार-थंड असा पांढरा बदलण्याचा आणि मंद करण्याचा. तेवढंच करणारे, रंग नसलेले बल्ब स्वस्त पडतात आणि त्यांचा पांढरा बहुधा जास्त चांगला असतो. रंगाला खरी जागा टीव्हीच्या मागे, रात्री जाग आल्यावरच्या वाटेत, मुलांच्या खोलीत एखाद्या कोपऱ्यात. तिथे एक बल्ब किंवा दोन मीटरची चांगली स्ट्रिप पुरते.

माल आला की खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, त्यात अडॅप्टरवरचं लेबल आणि स्ट्रिपवरचे ठिपके स्पष्ट येऊ द्या. स्ट्रिप रिळावर गुंडाळलेली असताना जास्त वेळ लावू नका, आतल्या आत तापते. जमिनीवर पसरून तासभर पूर्ण पांढऱ्यात ठेवा. अडॅप्टर हातात धरवत नसेल, प्लास्टिकचा वास येत असेल तर तिथेच थांबा. मागचा चिकट कागद सगळं तपासून होईपर्यंत सोलू नका, कारण सोललेली स्ट्रिप ‘वापरलेली’ म्हणून परत नाकारली जाते. बल्ब परत पाठवण्याआधी रीसेट करा, त्यात तुमच्या वाय-फायचा पासवर्ड साठवलेला असतो. आणि परत करण्याचं कारण ‘आवडलं नाही’ असं निवडू नका. ‘वर्णनाशी जुळत नाही’ हे निवडा आणि खाली मोजमापं लिहा: वर्णनात मीटरला ६० एलईडी, प्रत्यक्षात १८, लागणारी वीज ७२ वॉट, दिलेला अडॅप्टर २४ वॉट, वर्णनात वाय-फाय, पण राउटरच्या यादीत दिवा दिसत नाही. सोबत फोटो जोडा आणि वर्णनाच्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा, कारण तक्रारी वाढल्या की विक्रेते ते पान गुपचूप बदलतात.