नमुना १-अचे ‘मेडिकल’ : दोन दवाखाने, एकच कागद

माझा मालवाहतुकीचा लहानसा व्यवसाय आहे आणि चालकांच्या परवान्यांचे नूतनीकरण मीच पाहतो. त्यामुळे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना १-अ, म्हणजेच आमच्या धंद्यात ज्याला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात ते वैद्यकीय प्रमाणपत्र, देणाऱ्या दोन दवाखान्यांशी माझा संबंध आला. दोन्हींची नावे येथे देत नाही. मात्र ट्रक, टेम्पो किंवा बस चालवणाऱ्याने या कागदासाठी कोणत्या प्रकारच्या डॉक्टरांकडे जावे, हे ठरवायला पुढील मजकूर उपयोगी पडेल.

खासगी गाडी चालवणाऱ्याला हे प्रमाणपत्र वयाच्या चाळिशीनंतर लागते. ट्रान्सपोर्ट परवान्यासाठी, म्हणजे ट्रक, टेम्पो, बस अशी व्यावसायिक वाहने चालवण्याच्या परवान्यासाठी, मात्र ते वय काहीही असले तरी लागते. नमुना तसा छोटाच, पण त्यातले प्रश्न नेमके आहेत. उमेदवाराला रंग ओळखण्यात अडचण आहे का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरील मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, साधे ध्वनिसंकेत ऐकू येऊ नयेत इतका बहिरेपणा आहे का आणि गाडी चालवण्यात अडथळा येईल असे एखादे व्यंग आहे का, याची उत्तरे डॉक्टरांनी द्यायची असतात. शेवटी, आपण उमेदवाराला स्वतः तपासले असून दूरची दृष्टी, श्रवणशक्ती, हात, पाय आणि सांधे यांकडे विशेष लक्ष दिले आहे, अशा अर्थाच्या मजकुराखाली त्यांची सही होते. ‘स्वतः तपासले’ या शब्दांवरच दोन दवाखान्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडला.

पहिला दवाखाना आरटीओच्या जवळचा, एजंटांच्या रोजच्या वहिवाटीतला. तेथे आमच्या चालकाला आत बोलावलेच नाही. बाहेरच्या मुलाने आधार कार्ड घेतले, रक्तगट विचारला, पैसे मोजून घेतले आणि थोड्याच वेळात ‘झाले’ म्हणून सांगितले. आता हे प्रमाणपत्र डॉक्टर स्वतःच्या लॉगिनमधून ‘सारथी’ या परवान्यांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर चढवतात. यामुळे खोट्या शिक्क्यांना आळा बसला असेल. पण प्रमाणपत्र खऱ्या डॉक्टरांच्या लॉगिनमधून आले एवढेच प्रणालीला कळते, चालक त्यांच्यासमोर उभा होता की नाही हे कळत नाही. वेगाला पूर्ण गुण द्यावेत आणि तपासणीला शून्य.

दुसरा दवाखाना गावातल्या एका एमबीबीएस डॉक्टरांचा. आमच्याकडचे सर्वांत जुने चालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांना घेऊन मी तेथे गेलो होतो. डॉक्टरांनी आधी भिंतीवरचा मराठी अक्षरांचा तक्ता एकेक डोळा झाकून वाचायला लावला आणि रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायचे पुस्तक समोर धरले. त्यानंतर ते अण्णांना घेऊन दाराबाहेर आले आणि बोळाच्या टोकाला उभ्या असलेल्या रिक्षाचा नंबर वाचायला सांगितले. उजव्या डोळ्याने अण्णांनी तो घडाघडा वाचला. डावा उघडल्यावर मात्र शेवटच्या दोन आकड्यांवर अडखळले. “रात्री समोरच्या गाडीचा त्रास होतो का?” असे डॉक्टरांनी विचारल्यावर ते म्हणाले, “होय की डॉक्टर, घाटात समोरून गाडी आली की उजेड फुटतो. पण ते तर सगळ्यांनाच होतं.” सगळ्यांना होत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळले. पुढे नेत्रतज्ज्ञांकडे डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला.

डॉक्टरांनी त्या दिवशी सही केली नाही. “शस्त्रक्रिया करून घ्या, नवा चष्मा आला की या, पुन्हा फी घेणार नाही,” एवढेच ते म्हणाले. अण्णा रागावले, मीही मनातून चरफडलो, कारण एक गाडी उभी राहणार होती. तरीही त्या फीचा मोबदला पुरेपूर मिळाला, असेच आज म्हणावे लागेल.

उणिवाही सांगायला हव्यात. हा दवाखाना फक्त संध्याकाळी उघडतो, वेळ ठरवून घेण्याची सोय नाही आणि तापाच्या रुग्णांच्या रांगेतच बसावे लागते. कानाची तपासणी पाठीमागे उभे राहून हळू आवाजात बोलण्यापुरतीच होते. रक्तदाब आणि साखर मात्र डॉक्टर न मागता पाहतात, आणि हे विशेष आहे, कारण नमुना १-अमध्ये या आकड्यांसाठी रकानाच नाही. अमेरिकेत आंतरराज्यीय ट्रकचालकाचे प्रमाणपत्र जास्तीत जास्त २४ महिने चालते, ही पूर्ण मुदत मिळायला रक्तदाब सामान्यतः १४०/९० च्या आत असावा लागतो आणि २०१४ पासून ही तपासणी केंद्रीय नोंदवहीत नाव असलेल्या तपासनीसांनीच करायची असते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने ट्रान्सपोर्ट परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. वाहतूकदारांची धावपळ कमी झाली खरी, पण तेवढ्या काळात चालकाच्या डोळ्यांत काय बदलले हे कोणी विचारत नाही. घोरणे, दिवसा डुलकी लागणे, झोपेत श्वास अडकणे याबद्दल तर एकही प्रश्न नाही, आणि रात्रपाळीच्या बसचालकाला पहिल्यांदा तेच विचारायला हवे, असे माझे मत आहे.

रंगांधळेपणाच्या भीतीने पहिल्या प्रकारचा दवाखाना शोधणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जून २०२० मधील नियमदुरुस्तीनंतर सौम्य ते मध्यम स्वरूपाच्या रंगांधळेपणामुळे परवाना नाकारला जात नाही; तीव्र स्वरूपाचा असेल तरच अडचण येते.

वेळेचे गणितही महत्त्वाचे आहे. परवाना संपण्याच्या आधी एक वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. पूर्वी मुदत संपल्यावर मिळणारी ३० दिवसांची सवलत आता राहिलेली नाही, आणि मुदत संपून एक वर्ष उलटले तर पुन्हा वाहन चालवण्याची चाचणी द्यावी लागते. बहुतेक चालक शेवटच्या आठवड्यात जागे होतात आणि मग त्यांना ‘पाच मिनिटांत मेडिकल’ देणाराच परवडतो. अण्णांचे मेडिकल मुदतीच्या पुष्कळ आधी केले होते, म्हणून शस्त्रक्रिया, नवा चष्मा आणि दुसरी तपासणी हे सगळे परवाना चालू असतानाच पार पडले.

चांगल्या डॉक्टरांकडे जाताना वापरातला चष्मा, चालू गोळ्यांची चिठ्ठी, आधार कार्ड आणि मूळ परवाना सोबत न्यावा. रस्ता सुरक्षा अभियानातील नेत्रशिबिरात मिळालेली चष्म्याची चिठ्ठी असेल तर तीही दाखवावी, पण ती चिठ्ठी १-अच्या जागी चालत नाही. उजेड असताना पोहोचावे. अंधार पडल्यावर हे डॉक्टर २५ मीटरची तपासणी दुसऱ्या दिवशीवर ढकलतात. ट्रक घेऊन मात्र जाऊ नये, बोळात वळवायला जागा नाही.