ख्याल ऐकणाऱ्यांसाठी बटणवाला एमपीथ्री प्लेअर

याची बटणं मला सगळ्यात आवडली. काडेपेटीएवढा प्लेअर, मागे चिमटा. ओढणीला अडकवायचा आणि न बघता अंगठ्याने आवाज कमी-जास्त करायचा. सकाळी ठाण्यातल्या कचराळी तलावाला फेऱ्या मारताना फोन आता घरीच असतो. आधी शास्त्रीय गाण्यातला संथ, लांबलचक बडा ख्याल जरा रंगात आला की नेमका सोसायटीच्या ग्रुपवर टँकरचा मेसेज टुणकन वाजायचा. टँकर येणार की नाही, ते घरी गेल्यावर कळलं तरी चालतं.

ब्रँडचं नाव सांगण्यात अर्थ नाही, हाच चिनी प्लेअर वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. स्टेशनजवळच्या दुकानात विचारलं तर "ताई, ते आता येतंच नाही, ब्लूटूथ स्पीकर दाखवू?" शेवटी ऑनलाइन मागवला, दीड हजाराच्या आत. दुकानदाराचंही खोटं नाही म्हणा, ॲपलनेही २०२२ मध्ये आयपॉड बंद केला. सोनीचे वॉकमन अजून मिळतात, पण त्यातलं एनडब्ल्यू-ए३०६ हे मॉडेल घ्यायला जावं तर किंमत वीस हजारांच्या पुढे आणि आत अँड्रॉइड. अँड्रॉइडच हवं असतं तर फोन काय वाईट होता?

ज्यांची सगळी गाणी ॲपमध्ये आहेत त्यांनी हा घेऊ नये. ॲपमध्ये डाउनलोड केलेलं गाणं कुलूपबंद असतं, ते काढून दुसरीकडे टाकता येत नाही. माझ्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई आमोणकर, कुमार गंधर्व यांच्या सीडी होत्या; त्या जुन्या लॅपटॉपवर ३२० केबीपीएसला, म्हणजे एमपीथ्रीच्या सगळ्यात वरच्या दर्जाला, एमपीथ्री करून घेतल्या. तासाला साधारण १४४ एमबी, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात २०० तासांहून जास्त गाणं मावतं. दुकानदाराने गळ्यात मारलं तरी ६४ जीबीचं कार्ड घेऊ नका. कार्डावर फाइली ठेवायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात; ती कार्डं एक्सफॅट पद्धतीत येतात, हा फक्त फॅट३२ वाचतो.

देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून सगळी नावं रोमनमध्ये लिहावी लागली. फाइली नावाच्या नव्हे, कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजतात. पहिल्याच सकाळी मैफल शेवटी गायच्या भैरवीने सुरू झाली! आता एकेक फाइल हव्या त्या क्रमाने टाकते.

पण खरं दुखणं वेगळंच. सीडीवर विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) असे दोन ट्रॅक असतात, प्रत्यक्ष मैफलीत मात्र गाणं तुटलेलं नसतं. एमपीथ्री करताना फाइलच्या टोकांना किंचित शांतता जोडली जाते. चांगले प्लेअर ती गाळतात. हा गाळत नाही, वर पुढची फाइल उघडायला क्षणभर घेतो. टाळ्या पडायच्या, द्रुत उचलायचं, आणि मध्येच खड्डा. सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याला हे कधी जाणवणारही नाही, मला मात्र दर वेळी ठेच लागायची. मग ऑडॅसिटी या आवाज जोडा-कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅक सांधून एकच फाइल केली. आता अर्ध्यात बंद केला तरी तिथूनच सुरू होतो, पाऊण तासाच्या ख्यालाला याहून मोठी सोय नाही.

ब्लूटूथ आहे, पण त्यावर बॅटरी भराभर उतरते. मी वायरचेच इयरफोन लावते. एफएमला ते लागतातच, कारण वायरच अँटेनाचं काम करते. पहाटे तलावाशी नुसता तंबोरा चालू असताना मागे बारीक 'स्स' ऐकू येतं. ठाणे-घणसोली लोकलच्या महिला डब्यात कसलं ऐकू येतंय!

एक गोष्ट घेण्याआधी विचारून घ्या. कॉम्प्युटरला लावला की हा पेनड्राइव्हसारखा दिसतो, आणि आमच्या ऑफिसात पेनड्राइव्ह आत नेऊ देत नाहीत. त्यामुळे येता-जाता माझी त्याच्यासाठी गेटवरच्या रजिस्टरमध्ये सही असते.