१/३५ टायगर, आतल्या पाच माणसांसकट: जोडून झाल्यावरचा रिव्ह्यू

टायगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा, त्याचं हे खऱ्याच्या १/३५ मापाचं, सुटे भाग जोडून करायचं मॉडेल. किट घेतलं जूनमध्ये, पूर्ण झालं परवा. म्हणजे अख्खा पावसाळा माझ्या टेबलावर टायगर उघडाबोडका पडून होता आणि आई रोज विचारायची हा पसारा कधी उचलणार.

घेताना दुकानातले काका स्वतःच म्हणाले होते, "अहो आतलं सगळं नंतर झाकलं जातं, दिसत काही नाही, साधं किट घ्या, अडीच हजार वाचतील." पेठेतलं छोटं दुकान, माणूस सरळ. मी ऐकलं नाही, साडेसात हजार मोजले. मला रणगाड्यापेक्षा आतली माणसं बघायची होती, कारण टायगर म्हटलं की सगळे ८८ मिलिमीटरची तोफ आणि समोरचं १०० मिलिमीटरचं चिलखत यावरच बोलतात, त्या ५७ टनांत पाच जण नेमके बसायचे कसे हे कोणी सांगत नाही.

तर हे किट ते सांगतं. पुढे डावीकडे ड्रायव्हर, उजवीकडे रेडिओवाला (समोरची मशीनगनही त्याच्याकडेच), दोघांच्या मध्ये गिअरबॉक्सचा मोठा ठोकळा. ड्रायव्हरला गाडी वळवायला दांडे नाहीत, चक्क गोल स्टिअरिंग आहे, आणि त्या काळात इतक्या जड गाडीला ते मोठंच सुख होतं. वर टरेटमध्ये (तोफेचा फिरता बुरूज) तोफेच्या डाव्या बाजूला गनर, म्हणजे नेम धरून तोफ डागणारा, त्याच्या मागेच जरा उंचावर कमांडर, इतका चिकटून की फिगर बसवताना कमांडरचे गुडघे गनरच्या पाठीत जातात. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं म्हणून एकदा काढून परत लावलं. नाही, तसंच आहे ते.

आणि या गनरला स्वतःचं झाकण नाही! पुढच्या दोघांना डोक्यावर एकेक, पलीकडच्या लोडरला (तोफेत गोळे भरणारा) एक, कमांडरला त्याचा कपोला, म्हणजे झाकण असलेला छोटा घुमट. गाडी पेटली तर गनरने कमांडर बाहेर पडायची वाट बघायची नाहीतर तोफेच्या पलीकडे जाऊन लोडरचं झाकण गाठायचं. टरेटच्या मागे उजवीकडे एक गोल एस्केप हॅच (संकटात बाहेर पडायचं झाकण) आहे पण तिथपर्यंत पोचायलाही तोफ ओलांडायचीच. इंजिन बंद असेल तर टरेट हाताने फिरवायचं, पूर्ण एक फेरा म्हणजे गनरच्या चाकाचे ७२० वेढे. ते चाक किटमध्ये तांदळाच्या दाण्याएवढं आहे, माझ्या चिमट्यातून उडालं आणि फ्रिजखाली सापडलं.

लोडरची बाजू त्यातल्या त्यात मोकळी. पण त्याचं काम बघा, गाडीत ९२ राउंड (तोफगोळे) आणि एकेक पंधरा किलोच्या आसपास, म्हणजे वाण्याकडून येतो तो तेलाचा डबा समजा, हलत्या गाडीत उचलून तोफेत घालायचा, परत दुसरा, परत तिसरा. किटमधले राउंड रंगवता रंगवता मला कंटाळा आला, चाळीसच्या पुढचे मी सरळ खालच्या रॅकमध्ये तसेच ढकलले.

रंगाचं: आत वरचा अर्धा भाग हस्तिदंती, खालचा लालसर प्रायमरचा. अंधाऱ्या डब्यात जरा उजेड वाटावा म्हणून वर फिका रंग. हे गाइडमध्ये बरोबर दिलंय. पण माणसांच्या कपड्यात घोळ आहे. काळं आखूड जॅकेट ठीक, ते काळं यासाठी की तेल-ग्रीसचे डाग दिसू नयेत आणि आखूड यासाठी की झाकणातून निघताना अडकू नये. कॉलरची किनार मात्र गाइडमध्ये पांढरी दाखवलीय, पांढरा पायदळाचा रंग, पँझरवाल्यांचा (रणगाडा दलाचा) गुलाबी. मित्राने कॉलरवरची कवटी बघून विचारलं "एसएसवाले का रे हे?" (एसएस म्हणजे नाझी पक्षाचं सशस्त्र दल) तर नाही, ती साध्या पँझर रेजिमेंटचीच, जुन्या घोडदळातून आलेली. अर्थात लढत होते हिटलरसाठीच, तो भाग काही कवटीने बदलत नाही. आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे (१९४४) आणि नामदेव जाधव (१९४५) यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते इटलीत याच सैन्याशी लढताना, म्हणून त्या काळ्या जॅकेटवर फिदा होऊन "काय स्टाइल" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

दुसरी तक्रार, गळ्याचा माइक दिलेलाच नाही. इंजिनच्या आवाजात तोंडासमोरचा माइक काय कामाचा, म्हणून गळ्याला दोन्ही बाजूंनी टेकणारे माइक असायचे, ते घशाची थरथर पकडायचे. हेडफोन आहेत आणि माइक नाही म्हणजे पाचही जण नुसते ऐकणार! शेवटी जुन्या चार्जरच्या वायरमधली तांब्याची तार काढून बनवले, पाच माणसांना दोन रविवार गेले.

चाकं ४८. एकात एक अडकवलेली. खऱ्या गाडीत रशियाच्या हिवाळ्यात यांच्यामध्ये चिखल गोठून चाकं जाम व्हायची, आणि आतलं एक बदलायचं तर बाहेरची कितीतरी आधी काढा. रेल्वेने न्यायचं झालं की ७२५ मिलिमीटरचे रुंद पट्टे उतरवून ५२० चे अरुंद चढवा, उतरल्यावर परत उलटं, आणि हे सगळं क्रूनेच करायचं. मी आतलं एक चाक उलटं चिकटवलं होतं ते चौथ्या थरावर कळलं, तेव्हा त्यांना जे वाटत असेल त्याचा अगदी किंचित अंदाज आला.

पावसाळ्यात करणार असाल तर मॅट व्हार्निश दमट दिवशी मारू नका, माझ्या टरेटवर पांढरी साय धरली, परत रंगवावं लागलं. फिटिंग चांगलं, फटी बुजवायला लांबी (पुट्टी) फार लागली नाही, कानस आणि पॉलिश पेपरवर भागलं. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं-आकडे) ठिसूळ, एक क्रमांक पाण्यातच फुटला.

पाचपैकी साडेतीन. नवशिक्यांनी घेऊ नये. काकांचं म्हणणं खरं होतं, झाकल्यावर काही दिसत नाही, म्हणून टरेटचं छप्पर मी चिकटवलेलंच नाही. परवा भाचा आला, छप्पर उचलून बोटाने एकेक माणूस मोजला आणि गनरवर थांबून म्हणाला, "मामा, हा कुठून बाहेर येतो?"