क्लोट्रिमाझोल माउथ पेंट : जिभेला चार तारे, घशाला शून्य

माझं पोळी-भाजी केंद्र आहे. मागच्या पावसाळ्यात आमटी खारट होते म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. मला तर ती अळणीच लागायची. आरशात बघितलं, तर जिभेवर दह्याचा थर बसल्यासारखं पांढरं. चमच्यानं खरवडलं तर खाली लालभडक.

औषधवाल्यानं काही न विचारता तोंडातल्या बुरशीवरची ही बाटली दिली. एवढीशी, 15 मिलीची. ग्लिसरीनमुळे औषध चिकट आणि गोडसर. थेंब जिभेवर घेऊन तोंडभर फिरवायचे, दिवसातून तीन-चार वेळा, आणि नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. हातात सतत चवीचा चमचा असणाऱ्या बाईला हा अर्धा तास जड जातो. पण गुण आला. आठवड्यात जीभ साफ.

बाटली संपली आणि पंधरा दिवसांत पांढरं परत. दुसरी आणली, मग तिसरी. तोवर मऊ दूधभातही छातीच्या हाडामागे अडकायला लागला होता. तरी मी आपली थेंबच फिरवत बसले. हे औषध तोंडातच काम करतं. बुरशी अन्ननलिकेत उतरली की त्याचा उपयोग नाही, हे बाटलीवर कुठं लिहिलेलं नसतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी जीभ बघून विचारलं, "एचआयव्हीची तपासणी केलीय का कधी?" मला रागच आला. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, वय 47. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, फक्त 84. शंभराच्या खाली म्हणून मेंदूत जाणाऱ्या क्रिप्टोकॉकस बुरशीसाठीही रक्त तपासलं. ते निगेटिव्ह निघालं, तेवढंच नशीब. अन्ननलिकेतल्या बुरशीसाठी फ्लुकोनाझोलच्या गोळ्या तीन आठवडे घेतल्या. पाचव्या दिवशी पोळी गिळता आली. मग एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचं औषध, सुरू झालं, रोज एक गोळी, फुकट. आठ महिन्यांत बुरशी फिरकली नाही, आणि त्याचं श्रेय त्या गोळीला, बाटलीला नाही.

अँटिबायोटिकनंतर जिभेवर असं पांढरं आलं असेल तर बाटली जरूर घ्या. पण धडधाकट माणसाला काही कारण नसताना दुसरी घ्यावी लागली, तर आधी रक्त तपासा. गिळताना दुखत असेल तर पहिलीसुद्धा नको, सरळ डॉक्टरकडे जा.

आणि झाकण अगदीच रद्दी. दाखवायला नेलेली तिसरी बाटली पिशवीत गळली, केसपेपर अजून चिकट आहे.