झांझिबारच्या स्टोन टाऊनची वॉकिंग टूर: गाईड एक नंबर, पॅकेज बेकार

नागपूरहून झांझिबारला, म्हणजे टांझानियातल्या बेटावर, जाणारे बहुतेक लोक बीच, डॉल्फिन अन् मसाल्याची बाग एवढंच करून येतात, स्टोन टाऊन, म्हणजे तिथलं जुनं शहर, ही एअरपोर्टला जाता जाता उरकायची गोष्ट, म्हणून मुद्दाम लिहून राहिलो. आम्ही इथल्याच एका ट्रॅव्हलवाल्याकडून पॅकेज घेतलं होतं, त्यात अर्ध्या दिवसाची वॉकिंग टूर होती. गाईड तिथलाच पोरगा, इंग्लिश मस्त, अन् हिंदी तर पिक्चर पाहून शिकलेली. त्याला पाचपैकी पाच. पॅकेजला दोन, ते पण त्याहून कमी द्यायचं जिवावर आलं म्हणून.

स्टोन टाऊनमध्ये पन्नासेक मशिदी आहेत म्हणतात, पण एकटे फिराल तर चार पण दिसणार नाहीत. आपल्या डोक्यात मशीद म्हणजे घुमट अन् मिनार, अन् इथल्या बऱ्याचशा जुन्या मशिदी बाहेरून साध्या पांढऱ्या घरासारख्या, शेजारच्या घरांना चिकटून उभ्या. गाईड म्हणाला वर पाहूच नका, भिंत पाहा. एका बाजूची भिंत मधेच गल्लीत पोट काढल्यासारखी बाहेर येते, तो आतला मेहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा. अन् ते पोट उत्तरेला, कारण झांझिबारहून मक्का जवळपास सरळ उत्तरेला पडते, आपल्यासारखी पश्चिमेला नाही. त्या गल्ल्यांमध्ये मोबाईलचा मॅप पार येडा होऊन जातो, त्यामुळे नंतर आम्ही मशिदीची भिंत पाहूनच दिशा काढत होतो, पोरगी तर माझ्या आधी ओळखायची.

मलिंदी भागातली मनारा मशीद मात्र लगेच दिसते, तिला शंकूसारखा निमुळता मिनार आहे अन् त्यावर नागमोडी नक्षी. असे मिनार पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फार थोडे, एक तिकडे केनियात लामूजवळ शेला गावात आहे. आत काही जाता आलं नाही, गल्लीतूनच पाहिली.

घरांबद्दल पण त्याने छान सांगितलं. भिंती समुद्रातल्या प्रवाळ दगडाच्या अन् चुन्याच्या, वर छताला खारफुटीचे वासे, त्याला तिकडे बोरिती म्हणतात. वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद, म्हणून जुन्या घरात सगळ्या खोल्या बोळासारख्या लांबट. आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यांचे सागवानी खांब पाहिलेल्या माणसाला हे लगेच समजते. छत गळलं की वासे सडतात अन् वरून सिमेंट थापलं की आतली ओल बाहेर निघत नाही, अर्धी घरं अशीच चाललीयत म्हणे. बैत अल अजाइब, झांझिबारच्या सुलतान बरगशने १८८३ मध्ये बांधलेला राजवाडा, गावात वीज पहिल्यांदा तिथे आली, त्याचा मोठा भाग २०२० च्या डिसेंबरात कोसळला अन् दोन माणसं गेली. आम्ही गेलो तेव्हा बंदच होता. हा बरगश सुलतान व्हायच्या आधी मुंबईत हद्दपारीत राहून गेलेला, हे मला तिथेच समजलं.

दरवाज्यांवरच्या पितळी खिळ्यांना हात लावून गाईड स्वतःच हसला, टुरिस्टला सांगतात की हत्तीने धडक मारू नये म्हणून, पण बेटावर हत्ती आहेत कुठे, ती फॅशन भारतातून आली. गुजराती व्यापाऱ्यांचे दरवाजे चौकोनी खणांचे असतात ते पण दाखवले. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीच्या नावाच्या घरासमोर सगळे फोटो काढून राहिले होते, आपल्या पाचगणीला शिकलेला माणूस, आम्ही पण काढला.

आता पॅकेजची गंमत. मसाल्याच्या अन् कापडाच्या दुकानात तासभर बसवलं, काऊन तर कमिशन. अन् गुलामांचा बाजार होता तिथलं अँग्लिकन कॅथेड्रल, १८७३ मध्ये बाजार बंद झाला अन् त्याच जागेवर हे बांधलं, तिथे दहा मिनिटं! गाईड बिचारा सांगत होता अन् ड्रायव्हरचा फोन वाजत होता. राग आला राव.

त्यामुळे पॅकेजमधून ही टूर काढायला लावा अन् तिथे जाऊन हॉटेलवाल्याला सांगून गाईड वेगळा घ्या, दुकान नको हे आधीच ठणकावून सांगा. खांदे, गुडघे झाकलेले पाहिजेत, शुक्रवारी दुपारी जाऊ नका. अन् डॉल्फिनसाठी बेटाच्या दक्षिणेला किझिमकाझी गावाला जाणारच आहात तर तिथली मशीद सोडू नका. वरून टिनाचं छत, कोणी ढुंकून पाहत नाही, पण आत मेहराबापाशी कुफी म्हणजे जुन्या अरबी लिपीतला लेख आहे ११०७ सालचा. इमारत बरीचशी नंतर परत बांधलेली, लेख तेवढा जुना. आमच्या पॅकेजात ती नव्हतीच, ड्रायव्हरला वरून पैसे देऊन गाडी थांबवली, तेव्हा हे आधीच ठरवून घ्या.